नव्वद अंशांच्या पुढे

लग्नसराई संपली की आमच्या कामाचा हंगाम सुरू होतो. हे बोलायला बरं वाटत नाही, पण आहे तसं आहे. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडाच्या गाड्या रात्री-अपरात्री परततात आणि त्यांतल्या काही वाटेत उलटतात. जखमी माणसं आधी सरकारी दवाखान्यात किंवा खाजगी हाडांच्या डॉक्टरांकडे जातात. मांडीत रॉड पडतो, मनगटात प्लेट बसते, टाके निघतात, महिना-दीड महिना खाटेवर जातो, आणि पेरण्या आटोपल्या की ती वॉकर टेकवत माझ्या दारात येतात. पेरणीच्या आधी सहसा कोणी येत नाही. घरातलं चालतंफिरतं माणूस रानात असतं, खाटेवरच्याला आणणार कोण?

मी नांदेडला फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना चालवते. शिक्षण लातूरला झालं, माहेरही तिकडचंच, म्हणून आठवड्यातून एक दिवस लातूरला मैत्रिणीच्या क्लिनिकमध्ये बसते. सोनखेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चापोली, चाकूर, आष्टामोड ही नावं मला पाढ्यासारखी पाठ झालीत. हा रस्ता म्हणजे तुळजापूरहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१. मी शिकायला होते तेव्हा एसटी त्यावरून कण्हत जायची. आता तो चौपदरी आणि गुळगुळीत झालाय. त्याबरोबर माझ्याकडे येणाऱ्या दुखापतीही बदलल्या. खड्ड्यांच्या काळात माणसं कंबर धरून यायची. आता मांडीचं हाड, खुबा आणि गुडघा घेऊन येतात.

त्यामागचं गणित सरळ आहे. पुढच्या सीटवरचा माणूस धडकेच्या क्षणी पाय रोवतो. गुडघा डॅशबोर्डवर आपटतो. तो दणका मांडीच्या हाडातून मागे खुब्यापर्यंत जातो. मग कधी गुडघ्यातला मागचा लिगामेंट तुटतो, कधी मांडीचं हाड मोडतं, कधी खुब्याचा गोळा वाटीतून मागच्या बाजूला निसटतो आणि जाताना वाटीची कड फोडतो. तिथूनच पायाकडे जाणारी मोठी नस जाते. ती दबली तर पाऊल लोंबतं, चालताना चप्पल सुटते. एका आपटण्याच्या या इतक्या शक्यता. क्रूझर गाडीच्या मागच्या आडव्या बाकांवर बसलेल्यांची तऱ्हा वेगळी. ते एकमेकांवर फेकले जातात, त्यामुळे गळ्याजवळचं हाड, खांदा, बरगड्या. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीचा अपघात झाला, तेव्हा मागच्या सीटच्या पट्ट्यावर टीव्हीवर पंधरा दिवस चर्चा झाली. आमच्याकडच्या आडव्या बाकावर सहा-सात माणसं, मांडीवर लेकरं आणि पायाशी आहेराची पातेली असतात. तिथे पट्ट्याचा विषय निघतच नाही.

नवीन पेशंट आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, शेक कधी देताव?" शेक म्हणजे मशीन. दिवा लागणारं, आवाज करणारं, झिणझिण्या आणणारं कुठलंही मशीन. ते लागलं की उपचार झाला, पैसे वसूल. न लागलं तर "निस्तं पाय हलवायला लावलं अन् पैसे घेतले" अशी बदनामी. माझ्याकडे मशीन आहेत आणि मी ती लावतेही. ठणका थोडा उतरला की पुढचं काम करवून घेणं सोपं जातं. पण मशीननं स्नायू भरत नाही, आखडलेला सांधा उघडत नाही. खरं सांगायचं तर आमच्या धंद्यात मशीनला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात दुसरा पेशंट बघता येतो. व्यायाम करवून घ्यायचा तर समोर उभं राहावं लागतं. कित्येक ठिकाणी शेकच जास्त का मिळतो, त्याचं उत्तर यात आलं.

प्लास्टरमध्ये किंवा खाटेवर गेलेला पाय पंधरा दिवसांत बारीक दिसायला लागतो. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू सगळ्यांत आधी उतरतो. घरचे म्हणतात, "पाय वाळत चाललाय, मॅडम," आणि बदाम-खारीक सुरू करतात. मी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते आणि ती खाली दाबायला सांगते. दाबायचं, पाच-सात आकडे मोजायचे, सोडायचं. लोह्याकडचा एक पैलवानी अंगाचा पोरगा पहिल्या दिवशी वैतागून म्हणाला होता, "झोपून फडकं दाबायचं, ह्याला व्यायाम म्हणतेत व्हय?" त्याच्या लेखी व्यायाम म्हणजे जोर, बैठका, घामाचं थारोळं. मी त्याच्याच बोटांनी त्याची मांडी चाचपायला लावली. चांगल्या पायाचा स्नायू दाबताना दगडासारखा उठत होता. मोडलेल्या पायाचा उठतच नव्हता. तो नुसता हुकूम देत होता आणि खालून कोणी ऐकत नव्हतं. त्यानंतर त्यानं फडक्याला हसणं बंद केलं.

वजन लावून हळूहळू ताकद वाढवायची ही पद्धत तशी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी इस्पितळात टॉमस डिलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर मोडलेल्या मांड्यांचे आणि गुडघ्यांचे सैनिक बघत होता. हलकेफुलके व्यायाम देऊन महिनोन्‌महिने खाटा अडवण्याऐवजी त्यानं पायाला वजन बांधून ते वाढवत नेलं आणि १९४५ मध्ये त्यावर लेख लिहिला. आधी तो दहाच्या सात-दहा फेऱ्या करवून घेई. १९४८ मध्ये सहकाऱ्याबरोबर त्यानं त्या तीनवर आणल्या. आज जिममधला पोरगा 'दहाचे तीन सेट' म्हणतो, ते मोडलेल्या पायांच्या वॉर्डातून आलेलं आहे. आपल्याकडे फिजिओथेरपीचं शिक्षण मुंबईच्या केईएममध्ये पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला निघालं, तेही पोलिओच्या साथीमुळे. गरज आधी, शास्त्र मागून, हे दोन्हीकडे सारखंच.

पायाला बांधायची विकतची वजनं महाग पडतात. आमच्याकडे जुन्या जीन्सचा पाय कापून पिशवी शिवतात, त्यात वाळू भरतात आणि किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घेतात. अर्धा किलो, एक किलो, दीड किलो. हाताच्या व्यायामाला पाण्याची बाटली चालते, कारण लिटरभर पाणी म्हणजे सरळ एक किलो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरची तहान भागवत होते, तेव्हा तिथल्या पेशंटला 'पाण्यानं भरलेली बाटली घ्या' म्हणायला जीभ रेटेना. आम्ही बाटल्यांत वाळू भरायला सांगितली. वाळू पाण्यापेक्षा दीडपटीहून जड, म्हणून बाटली दोनतृतीयांशाच्याही जरा खाली ठेवायची. हे पेशंटना कधी शिकवावं लागलं नाही. धान्याच्या बाजारातली माणसं ती, मापाचं त्यांना चांगलं कळतं.

त्याच बाजारातले एक मुनीमजी माझ्या चांगले लक्षात राहिलेत. अडत दुकानात हिशेब लिहिणारे, पन्नाशी उलटलेले. तुळजापूरहून दर्शन घेऊन येताना रात्री त्यांची गाडी उसाच्या ट्रॉलीवर मागून गेली. हिवाळ्यात या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मुनीमजींच्या गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले. तारेनं बांधून ती जुळवली. हाड छान जुळलं, पण गुडघा आखडला. माझ्याकडे आले तेव्हा तो सत्तर अंशांवर अडायचा.

गुडघा किती वाकतो ते मोजायला आमच्याकडे दोन पट्ट्यांचं कोनमापक असतं. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला हात फुटल्यासारखं दिसतं ते. सपाट चालायला गुडघा साठ-पासष्ट अंश वाकला तरी भागतं. जिना चढाउतरायला ऐंशी-नव्वद लागतात. खुर्चीतून उठायला नव्वदच्या थोडं वर. म्हणून नव्वद झाले की सगळे खूश होतात, पेशंटला 'बरं झालं' म्हणून सुट्टी मिळते. हा हिशेब खुर्ची, कमोड आणि डायनिंग टेबल धरून केलेला आहे. मांडी घालायची तर गुडघा एकशे दहा-वीसच्या पुढे जावा लागतो, शिवाय खुबा बाहेरच्या अंगाला वळावा लागतो. उकिडवं बसायला त्याहून जास्त. आमच्या पेशंटचं जेवण जमिनीवर, पूजा जमिनीवर, भाजी निवडणं जमिनीवर, पोरांचा अभ्यास घेणं जमिनीवर आणि गावाकडच्या घरात संडास भारतीय. नव्वद अंशांवर सुट्टी दिलेला माणूस घरी जाऊन पाहुणा होतो.

मुनीमजींचं तर पोटच मांडीवर होतं. त्यांच्या मालकाच्या दुकानात अजून गादी आहे, तक्क्या आहे, पुढ्यात उतरतं लाकडी मेज आहे. महिनाभर त्यांनी खुर्चीवर बसून बघितलं. मला म्हणाले, "शेतकरी येतो, मालकाकडं बघतो, गादीवरच्या नवीन पोराकडं बघतो. खुर्चीवरच्या माणसाला त्यो गिऱ्हाईकच समजतो." मालकानं काही म्हटलं नव्हतं. पण गादीवर नवीन पोरगा आलेला होता, हे पुरेसं होतं.

आम्ही शहाबादी फरशीवर काम सुरू केलं. टाचेखाली साखरेच्या पुडीची प्लॅस्टिक पिशवी ठेवायची म्हणजे टाच सरकते. पावलाला पंचा अडकवून त्याची दोन्ही टोकं हातात धरायची आणि टाच बुडाकडे ओढत आणायची. जिथे अडेल तिथे थांबायचं, श्वास सोडायचा, वीसपर्यंत मोजायचं, मग केसभर आणखी. नंतर खाटेच्या कडेला बसून चांगल्या पायानं दुखऱ्या पायाला मागे रेटायचं. नंतर पालथं झोपून. त्यांनी घरच्या कालनिर्णयवर रोजच्या तारखेखाली अंश लिहायला सुरुवात केली, हिशेबी माणूस. सत्तर, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर असे आकडे चढले आणि पंच्याऐंशीला जे बसले ते हलेनात. तारखा बदलत होत्या, खाली आकडा तोच.

अशा वेळी घरचे लोक पुढाकार घेतात आणि मला घाम फुटतो. त्यांच्या मुलानं एका रविवारी बापाला पालथं पाडून पाय दोन्ही हातांनी मागे दाबला होता. दुसऱ्या दिवशी गुडघा तापलेला, टम्म फुगलेला. पुढचा आठवडा सूज उतरवण्यात गेला. आमच्या भागात हाडवैद्यांची मालिश अजून चालते, तिथे हेच होतं. विशेषतः कोपराला मार लागल्यावर जोरात चोळलं आणि ओढलं तर स्नायूच्या जागी हाड धरायला लागतं आणि सांधा कायमचा अडतो. मी मुलाला आणि मुनीमजींना एकच खूण दिली. व्यायामानंतर तासाभरात दुखणं पहिल्याइतकं खाली आलं तर ठीक. रात्री झोप मोडली किंवा सकाळी गुडघा गरम लागला तर काल जास्त झालं, आज निम्मं करायचं. बंद मात्र करायचं नाही. 'दुखलं की थांबा' आणि 'दुखल्याशिवाय सुटत नाही', हे दोन्ही सल्ले गावात फुकट मिळतात आणि दोन्ही अर्धेच आहेत.

पंच्याऐंशीचा अडसर कधी सुटला ते त्यांनाही नेमकं सांगता येणार नाही. पोळ्याच्या सुमारास कालनिर्णयवर शंभर आला, दिवाळीपर्यंत एकशे अठरा. मांडी पूर्ण बसली नाही. दुखऱ्या गुडघ्याखाली लोडाची गुंडाळी घेऊन ते गादीवर एका अंगाला कलून बसतात. पण मेज त्यांच्या पुढ्यात परत आलं आणि तो नवीन पोरगा काट्यावर गेला.

सगळ्यांनाच मांडी मिळत नाही, मिळू नयेही. नांदेडला एका सरदारजींचा खुबा निखळला होता. वय सत्तरच्या आसपास, गाडी त्यांचा नातू चालवत होता. त्यांना लंगरमध्ये पंगतीत बसायचं होतं, दुसरं काही मागणं नव्हतं. मागच्या बाजूला निखळलेला खुबा सुरुवातीच्या काळात खोल वाकवला तर पुन्हा निसटायची भीती असते. मी नको म्हणत राहिले, ते दर वेळी हात जोडून "बेटा, कब?" विचारत राहिले. व्यायाम सांगताना जितकी अक्कल लागते तितकीच तो न सांगतानाही लागते, आणि 'नको'ला कोणी फी देत नाही.

बायकांचं दुखणं वेगळ्या जागी अडतं. पुरुष खाटेवर पडला की खाट हे त्याचं ठिकाण होतं, चहा तिथे, ताट तिथे. सून मोडलेली मांडी घेऊन घरी आली तर पंधरा दिवस कौतुक, मग बसल्या-बसल्या निवडण-टिपण सुरू. व्यायामाचा कागद देवघराजवळच्या खिळ्याला अडकवलेला. औसा तालुक्यातल्या एकीला मी पाय सरळ उचलायचा व्यायाम दिला होता. दोन आठवड्यांनी आली तर काही फरक नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "एकच खोली हाय मॅडम. मामंजी बसलेले असतेत. त्यांच्यासमोर पाय वर करून कसं पडावं?"

तिला उलट प्रश्न करायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मी तोच व्यायाम बसून करायला दिला. पाटावर, लुगड्याच्या आत, गुडघा सरळ ताणून टाच जमिनीपासून चार बोटं उचलायची. भाकरी भाजताना दर भाकरीला पाच वेळा. ओट्याशी उभं राहून टाचा उचलायच्या, दूध उतू येईपर्यंत. हांड्याऐवजी अर्धी कळशी, आधी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात, मग दुसऱ्या. हे कुठल्या पुस्तकात नाही आणि खाटेवर करायच्या व्यायामाची सर त्याला पूर्ण येत नाही, हेही मला माहीत आहे. पण न केलेल्या उत्तम व्यायामापेक्षा केलेला बरा व्यायाम स्नायूला जास्त कळतो.

त्याच घरातली तिची चुलत सासू या बाबतीत तिच्या बाजूनं उभी राहिली. या बाईंचा डावा कोपर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भिंतीखाली सापडला होता. किल्लारीच्या भूकंपातला तो हात. जीव वाचला, हाड जुळलं, आणि त्या धामधुमीत कोपर हलवायचं कोणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी कोणाचं लक्ष नव्हतं. तीस वर्षं तो हात काटकोनात आहे. वेणी त्या दुसऱ्या कुणाला तरी घालायला लावतात. सुनेबरोबर त्या क्लिनिकमध्ये यायच्या, कोपऱ्यात बसायच्या आणि ती कंटाळली की हात पुढे करायच्या. बोलायच्या नाहीत. पुढे त्यांनी घरातल्या दुपारच्या वेळी पुरुषमंडळींना पारावर पिटाळायला सुरुवात केली, असं सुनेनं हसत सांगितलं.

त्या दोघी नियमित येऊ शकल्या याचं थोडं श्रेय एसटीला. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी दर आठवड्याला येण्याचा विषय काढला की घरातला पुरुष खिशाचा हिशेब करायचा. पंचाहत्तरीपुढच्यांना तर प्रवास फुकटच आहे. फिजिओथेरपीसाठी कोणी ही सवलत काढलेली नाही, पण माझ्या वहीत बायकांच्या हजेऱ्या त्यानंतर वाढलेल्या दिसतात. अपघातग्रस्तांसाठी केंद्र सरकारची जी कॅशलेस योजना मे २०२५ मध्ये लागू झाली, तीत पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत. योजना चांगली आहे, त्या सात दिवसांत जीव जातो किंवा राहतो. पण सातव्या दिवशी मांडीत रॉड पडलेला माणूस जेमतेम बसता झालेला असतो. चालायचं, चढायचं, कामाला लागायचं हे सगळं त्यानंतरच्या महिन्यांत, आणि ते खिशातून.

मानेचा एक किस्सा सांगते. मागून धडक बसली की डोकं झटक्यानं मागे आणि मग पुढे जातं. एक्स-रे स्वच्छ येतो आणि मान हलवता येत नाही. नायगावकडचे एक गुरुजी मानेचा पट्टा गळ्यात घालून आले, अपघाताला दोन महिने होऊन गेले होते. आंघोळीपुरता काढायचे. पट्टा काढला तर मान गळून पडेल, असं त्यांना खरोखर वाटत होतं. १९९५ मध्ये कॅनडातल्या क्यूबेकमध्ये तज्ज्ञांच्या समितीनं या दुखापतीच्या पायऱ्या लावून दिल्या. हाड मोडलेलं नाही, नस दबलेली नाही, अशा पेशंटनं लवकर मान हलवायला सुरुवात करावी, पट्ट्यात बांधून ठेवू नये, असा त्यांचा कल होता. तीस वर्षं झाली, पट्टे खपतातच. गुरुजींना मी मान वळवायलाच सांगितली नाही. उजव्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते सांगा म्हटलं. डोळे गेले, मागोमाग मान थोडी गेली. फळ्यावर लिहिता-लिहिता मागच्या बाकावरचा गोंधळ ज्याला आयुष्यभर दिसत आला, त्याची मान तिथपर्यंत न्यायला मग वेळ लागला नाही.

आता एक अवघड विषय. तो दबक्या आवाजात, निघता-निघता, दाराशी येतो: "मॅडम, व्यायामानं टक्के कमी व्हतील का?" टक्के म्हणजे अपंगत्वाचे. मोटार अपघात दाव्यात नुकसानभरपाई मागायची तर सर्टिफिकेट लागतं, त्यावर टक्केवारी असते. कुणीतरी जाणकार सांगतो, तपासणी होईपर्यंत पाय आहे तसा राहू दे. कंधारकडचा एक टेम्पोवाला पोरगा असाच अधूनमधून गायब व्हायचा. घोटा मोडलेला, वाकायला तयार नाही, आणि हा दर तारखेच्या आधी यायचा बंद. घरावर कर्ज होतं, टेम्पोचे हप्ते थकलेले. तो आळशी नव्हता, हिशेब करत होता.

मी त्याला रागावले नाही. मला माहीत असलेल्या दोन गोष्टी सांगितल्या. एक वकिलाकडून कळलेली. सर्वोच्च न्यायालयाच्या 'राज कुमार विरुद्ध अजय कुमार' या निकालाचा दाखला अशा दाव्यांत हमखास दिला जातो. त्याचं सार असं की हातापायाचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नव्हेत. त्या माणसाचा धंदा कोणता, त्यातलं कोणतं काम आता त्याला करता येत नाही, हे बघायचं असतं. म्हणजे घोट्याचा आकडा थोडा कमी आला म्हणून ड्रायव्हरचं नुकसान तेवढंच कमी झालं असं नाही. उपचाराचे कागदही कामाला येतात. एवढे महिने एवढा व्यायाम करूनही घोटा इतकाच हलतो, हे माझ्या नोंदीत लिहिलेलं असतं. दुसरी गोष्ट माझ्या विषयातली. सांधा कोर्टाच्या तारखेला थांबत नाही. पहिल्या काही महिन्यांत जे सुटतं ते नंतर सुटत नाही, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत वर्षं जातात.

त्याला पटलं की नाही, मला सांगता येत नाही. तो येत राहिला, पण कमी. ज्याला पायापेक्षा कागद जास्त देणार आहे असं दिसतं, त्याला व्यायामाचं महत्त्व सांगणारी मी कोण, असं कधी-कधी वाटतं. आणि तरी सांगतेच. सर्टिफिकेटवर लिहिलेला चाळीसचा आकडा एकदाच वटतो, घोटा रोज सकाळी खाटेवरून उतरताना लागतो.

ड्रायव्हर लोकांना शेवटी एकच हवं असतं, स्टिअरिंगवर परत जायचं. अहमदपूरचा एक क्रूझरवाला सध्या येतोय. उजव्या मांडीत रॉड. हाड जुळलंय, पाय पूर्ण टेकवायची परवानगी मिळून दोन महिने होऊन गेलेत. वॉकर सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला गाडी चालवायची होती. चालता येणं आणि ब्रेक मारता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण वजन टेकवायला लागल्यावरही ब्रेकवर पाय पोचायचा वेग मूळपदावर यायला आणखी काही आठवडे जातात. त्याला खुर्चीत बसवून पायाखालच्या दोन फरश्या दाखवल्या. उजवी ॲक्सिलरेटर, डावी ब्रेक. मी टाळी वाजवली की पाय डाव्या फरशीवर. पहिल्या दिवशी टाळीनंतर पाय उचलायलाच त्याला विचार करावा लागत होता. मग वजनकाटा भिंतीला उभा टेकवला आणि तळपायानं दाबायला लावला. चांगल्या पायानं काटा झर्रकन वर जाई. दुखऱ्या पायानं तो अर्ध्यावर थरथरे. हाच काटा पहिल्यांदा जमिनीवर ठेवून मी त्याला पायावर वीस किलोच टेकव, मग तीस, असं शिकवलं होतं. त्या काट्याचा त्याला आता मनापासून राग आहे.

तेवढ्यात तिसरीच अडचण निघाली. दाबणं जमलं, वेग जमला, पण चालत्या गाडीत शेजारी बसला की समोरून ट्रक आल्यावर हा पाय नसलेल्या ब्रेकवर रोवायचा आणि मांडी कडक करून घ्यायचा. दोन तासांनी पाय दुखून यायचा. मी त्याला आधी शेजारच्या सीटवर बसवून भावाबरोबर फिरायला सांगितलं, दिवसा, रिकाम्या रस्त्यावर, पावलं सैल ठेवून. हा त्याच्या कागदावर व्यायाम म्हणूनच लिहिला, दिवसातून एकदा, वीस मिनिटं.

मालकाला दाखवायला त्याला 'फिट' असं सर्टिफिकेट हवं होतं. मी लिहिलं ते असं: दिवसा, सलग दोन तासांपर्यंत, मध्ये उतरून चालणं आवश्यक, रात्रीची फेरी सध्या नको. तो कागद हातात धरून बराच वेळ उभा होता. "मॅडम, लग्नाची भाडी समदी रात्रीचीच असतेत. ह्यो कागद दावला तर मालक दुसरा ड्रायव्हर बघंल." आम्ही बरीच हुज्जत घातली. शेवटी कागद आहे तसाच गेला. मालकानं त्याला शाळेच्या पोरांच्या फेऱ्या दिल्या, सकाळी एक, दुपारी एक. पगार कमी झाला. त्याबद्दल त्यानं मला दोन वेळा ऐकवलं. शाळेच्या फेऱ्यांत दर घरासमोर थांबावं लागतं, क्लच दाबून-दाबून आता त्याची डावी कंबर धरायला लागलीय, त्यामुळे येत्या आठवड्यापासून डाव्या खुब्याचे व्यायाम सुरू करायचेत.